ऑनलाइन एमबीए करावं का?

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षापर्यंत आपल्यापैकी बहुतेकांच्या तोंडी एक वाक्य पक्कं बसलेलं असतं – "दोन वर्षं जॉब करू, मग एमबीए बघू." आपल्या मेसमध्ये हे वाक्य जितक्या वेळा ऐकू येतं तितक्या वेळा "अजून एक पोळी वाढा" हेसुद्धा ऐकू येत नसेल! पूर्वी या वाक्याच्या पुढे कॅट, क्लास, राजीनामा आणि दोन वर्षं पगार बंद असं सगळं यायचं. आता नोकरी न सोडता, घरी बसून, लॅपटॉपवर एमबीए करता येतं. त्यामुळे प्रश्न सोपा व्हायला हवा होता, पण तो जास्तच अवघड झाला आहे. कारण पूर्वी खर्च आणि त्रास इतका असायचा की माणूस दहादा विचार करायचा. आता "महिन्याला फक्त एवढे हजार" असा फोन येतो आणि आपण विचार न करताच फॉर्म भरून मोकळे होतो.

हा लेख ऑनलाइन एमबीएच्या बाजूने नाही आणि विरुद्धही नाही. ज्यांना आपलं क्षेत्र बदलायचं आहे, म्हणजे टेस्टिंगमधून एचआरमध्ये, शॉप फ्लोअरवरून सप्लाय चेनमध्ये, कोडिंगमधून फायनान्समध्ये जायचं आहे, त्यांनी हा निर्णय कसा घ्यावा एवढंच यात मांडलं आहे. (माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे मराठी शब्द अडला तिथे इंग्रजी शब्द तसाच ठेवला आहे. समजून घ्यावे!)

एमबीएमधून नेमकं मिळतं काय?

एमबीए ही पदवी तशी जुनी आहे. अमेरिकेत हार्वर्डने १९०८ साली ती सुरू केली. आपल्याकडे कलकत्ता आणि अहमदाबाद इथल्या आयआयएम १९६१ साली निघाल्या आणि मुंबईत जमनालाल बजाज इन्स्टिट्यूट १९६५ साली. एवढ्या वर्षांत अभ्यासक्रम कितीतरी बदलले, तरी विद्यार्थ्याच्या हातात शेवटी तीनच गोष्टी पडतात. ज्ञान, शिक्का आणि माणसं.

ज्ञान म्हणजे अकाउंट्स, मार्केटिंग, ऑपरेशन्स, स्टॅटिस्टिक्स वगैरे विषय. हे शिकल्यामुळे माणूस कामात जास्त उपयोगी होतो आणि म्हणून त्याला जास्त पगार मिळतो, असा सरळ विचार गॅरी बेकर या अर्थशास्त्रज्ञाने मांडला. त्याला १९९२ साली नोबेल मिळालं.

शिक्क्याची गोष्ट जरा वेगळी आहे. मायकेल स्पेन्स याने १९७३ साली एका पेपरमध्ये असा प्रश्न मांडला की नोकरी देणाऱ्याला उमेदवार आतून कसा आहे हे दिसत नाही, मग तो काय बघतो? तो अशी खूण बघतो, जी मिळवणं हुशार आणि चिकाटीच्या माणसाला त्यातल्या त्यात सोपं आणि इतरांना अवघड जातं. पदवी ही अशीच खूण. गंमत म्हणजे त्या पदवीत काहीही उपयोगाचं शिकवलं नाही तरी खूण म्हणून ती चालू शकते! या कामासाठी स्पेन्सला २००१ साली आणखी दोघांबरोबर नोबेल मिळालं. आपल्यासाठी यातला मुद्दा एवढाच की शिक्क्याची किंमत तो मिळवणं किती अवघड आहे यावर ठरते.

तिसरी गोष्ट माणसं. त्याच १९७३ साली मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने दाखवलं की नोकरीची बातमी आपल्या जिगरी मित्रांकडून फारशी येत नाही, ती ओळखीपाळखीच्या माणसांकडून येते. त्याने बोस्टनजवळ नोकरी बदललेल्या लोकांना विचारलं, की ज्याच्याकडून ही नोकरी कळली तो तुम्हांला किती वेळा भेटायचा? वारंवार भेटणारे जेमतेम १७ टक्के निघाले. बाकीचे अधूनमधून किंवा क्वचितच भेटणारे. कारण उघड आहे. आपल्या रूम-पार्टनरला जे माहीत असतं ते आपल्यालाही माहीत असतंच. क्षेत्र बदलणाऱ्याला तर त्या दुसऱ्या क्षेत्रातली माणसं मुळातच ओळखीची नसतात.

ऑनलाइनमध्ये यातलं काय उरतं?

ज्ञान बरंचसं उरतं. बॅलन्स शीट वर्गात शिकली काय आणि स्क्रीनवर शिकली काय, दोन्ही बाजू जुळाव्याच लागतात. ऑनलाइन म्हणजे हलकं असं सरसकट म्हणणंही बरोबर नाही. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाने २०१५ साली सुमारे २२ हजार डॉलर फीचं ऑनलाइन एमबीए जाहीर केलं. त्याला इतका प्रतिसाद मिळाला की २०१९ साली त्यांनी आपलं कॅम्पसवरचं फुलटाइम एमबीएच बंद करायचं ठरवलं. आपल्याकडेही दूरशिक्षणाची परंपरा आहेच. इग्नू १९८५ साली आणि नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ साली स्थापन झालं, आणि दोन्ही विद्यापीठं नोकरदारांना शिकवत आली आहेत.

शिक्का अर्धा उरतो. बऱ्याच ऑनलाइन एमबीएना प्रवेश परीक्षा नसते. पदवी आहे, ठरावीक टक्के आहेत, फी भरली, की प्रवेश. स्पेन्सच्या भाषेत सांगायचं तर गाळणीच नाही, मग खूण ठळक कशी उमटणार? कॅट देऊन आलेल्या मुलाबद्दल कंपनीला जे आपोआप कळतं ते इथे कळत नाही. अर्थात विद्यापीठाचं नाव मोठं असेल, परीक्षा कडक असेल, तर फरक पडतो. पण तो कोर्सप्रमाणे पडतो, "ऑनलाइन एमबीए" या नावाने पडत नाही.

सगळ्यात कमी उरतात ती माणसं. आणि माणसांबरोबर आणखी एक गोष्ट जाते, ती म्हणजे समर इंटर्नशिप. फुलटाइम एमबीएमध्ये पहिल्या वर्षानंतर साधारण दोन महिने एखाद्या कंपनीत काम करावं लागतं. क्षेत्र बदलणाऱ्यासाठी तेच दोन महिने खरे. कालपर्यंत मेकॅनिकल असलेल्या मुलाला मार्केटिंगचं काम करून दाखवायची ती पहिली आणि कधीकधी एकमेव संधी असते. नोकरी सांभाळून ऑनलाइन करणारा माणूस ती कधी घेणार? त्याच्या बायोडेटावर दोन वर्षांनंतरही जुनंच काम असतं, फक्त पदवीच्या रकान्यात एक ओळ वाढते.

आधी बॉटलनेक शोधा

प्रॉडक्शनच्या मुलांना एलियाहू गोल्डरॅट हे नाव ऐकून माहीत असेल. मूळचा फिजिक्सचा हा माणूस. त्याने १९८४ साली "द गोल" नावाची कादंबरी लिहिली आणि कारखान्याचा एक साधा नियम जगभरच्या मॅनेजरांना शिकवला. समजा एका लाइनवर तीन मशीन आहेत. पहिलं तासाला ६० नग काढतं, दुसरं २५, तिसरं ५०. लाइनमधून तासाला बाहेर पडणार २५ नग. आता पैसे घालून पहिलं मशीन १०० नगांचं केलं तर? बाहेर पडणार तेवढेच २५! उलट दुसऱ्या मशीनपुढे मालाचा ढीग साठत जाणार.

ऑनलाइन एमबीएचा निर्णय मला तरी असाच वाटतो. ज्ञान, शिक्का, माणसं ही तीन मशीन आहेत. आपली गाडी नेमकी कुठे अडली आहे ते न बघता आपण जे विकत मिळतं ते मशीन घेऊन येतो. म्हणून पहिला प्रश्न "कोणतं एमबीए?" हा विचारू नये. "माझं अडलंय कुठे?" हा विचारावा. काही उदाहरणं बघू.

आपल्या कॉलेजच्या ऑफिसमधल्या एका काकांनी मध्यंतरी मला विचारलं, "काय गं, आता या वयात एमबीए करून काही उपयोग आहे का?" मी विचारलं, "काका, कशासाठी करायचंय?" तर म्हणाले, वरच्या पोस्टच्या जाहिरातीत पदव्युत्तर पदवी मागितली आहे, काम तर गेली दहा वर्षं तेच करतोय. इथे उत्तर सरळ आहे. काम येतं, माणसं ओळखतात, अडलंय फक्त कागदावर. जाहिरातीतल्या नियमात ऑनलाइन पदवी बसते का हे आस्थापना विभागाकडून लेखी विचारून घ्यायचं, आणि बसत असेल तर खुशाल करायचं. तेही कमीत कमी फीचं, मान्यता असलेलं.

दुसरं उदाहरण माझ्या आत्तेबहिणीचं. ताई पुण्यात चार वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंग करते आहे आणि तिला एचआरमध्ये जायचं आहे. तिने दोन लाख रुपयांच्या ऑनलाइन एमबीएचा फॉर्म अर्धा भरून ठेवला होता. मी तिला म्हटलं, "ताई, तुझ्याच कंपनीत एचआर आहे ना? त्यांना विचार की टेस्टिंगमधलं कोणी कधी तिकडे गेलंय का." तिने विचारलं तर उत्तर मिळालं, की नवीन मुलांच्या ट्रेनिंगचं आणि कॅम्पस इंटरव्ह्यूचं काम करायला माणसं हवीच असतात, आधी सहा महिने ते करून बघ. म्हणजे तिचं अडलं होतं माणसांपाशी आणि अनुभवापाशी. फॉर्म अजून अर्धाच आहे. सहा महिन्यांनी काम आवडलं आणि तिकडच्या मॅनेजर मॅडम म्हणाल्या की पदवी असेल तर बदली पक्की करता येईल, तर तोच फॉर्म ती पूर्ण करणार आहे. तेव्हा ते दोन लाख वाया जाणार नाहीत.

तिसरं उदाहरण चाकण-पिंपरीच्या शॉप फ्लोअरवरचं. आपले कितीतरी सीनियर तिथे आहेत. प्रॉडक्शनमधून पर्चेस किंवा सप्लाय चेनमध्ये जायचं असेल तर उडी लांबची नाही. माल, मशीन, व्हेंडर सगळं ओळखीचं असतं. नसते ती पैशाची भाषा, म्हणजे कॉस्टिंग, काँट्रॅक्ट, वर्किंग कॅपिटल. इथे अडलंय ज्ञानापाशी, आणि ज्ञान ही ऑनलाइन एमबीएची सगळ्यात जमेची बाजू. अशा माणसाला त्याचा खरंच उपयोग होऊ शकतो, कारण आज शिकलेलं तो उद्या सकाळच्या शिफ्टमध्ये वापरून बघू शकतो.

आणि चौथं उदाहरण, ज्याची स्वप्नं आपल्या हॉस्टेलमध्ये सगळ्यात जास्त बघितली जातात! कोडिंग सोडून मोठ्या कन्सल्टिंग कंपनीत किंवा इन्व्हेस्टमेंट बँकेत जायचं. या कंपन्या नवीन माणसं मुख्यतः ठरावीक कॅम्पसवर जाऊन उचलतात. म्हणजे अडलंय शिक्का आणि माणसं या दोन्हीपाशी. इथे ऑनलाइन एमबीए म्हणजे पहिलं मशीन १०० नगांचं करण्यासारखं आहे. त्यापेक्षा कॅटचा अभ्यास परत करावा, वर्षभर उशीर झाला तरी चालेल.

थोडा हिशोब

आपण इंजिनिअर, त्यामुळे आकडे मांडल्याशिवाय समाधान होत नाही. खालचे आकडे मी समजण्यासाठी धरलेले आहेत. प्रत्येकाने आपापले घालावेत.

समजा फुलटाइम एमबीएची फी १५ लाख आणि सध्याचा पगार वर्षाला ५ लाख. दोन वर्षं पगार बंद म्हणजे १० लाख गेले. एकूण खर्च २५ लाख. ऑनलाइनची फी समजा २ लाख आणि पगार चालू. नंतर हातात येणारा पगार महिन्याला ५ हजारांनी वाढला, तर ऑनलाइनचे पैसे ४० महिन्यांत निघतात. तेवढ्याच वाढीत फुलटाइमचे निघायला ५०० महिने लागतील, म्हणजे जवळजवळ बेचाळीस वर्षं! फुलटाइम करणाऱ्याला महिना ५० हजारांची वाढ मिळाली तर ५० महिने लागतात. थोडक्यात, फुलटाइम ही मोठी उडी आहे आणि ती मोठी बदली झाली तरच परवडते. ऑनलाइन ही छोटी पायरी आहे आणि छोट्या वाढीतही परवडते. पण वाढ शून्य असेल तर दोन लाखसुद्धा महाग आहेत, हे विसरू नये.

पैशाखेरीज वेळेचा हिशोब मांडायला हवा. आठवड्याला १२ तास धरले आणि वर्षाचे ५० आठवडे, तर दोन वर्षांत १२०० तास होतात. शिफ्ट ड्युटी करून, लोकलने किंवा बसने घरी येऊन, रात्री नऊनंतर हे १२०० तास काढायचे आहेत. घरी लहान मूल असेल, आईवडिलांचं आजारपण असेल, तर हा खर्च फीपेक्षा मोठा आहे. तो कुठल्याच माहितीपत्रकात छापलेला नसतो.

आणि ईएमआयबद्दल एक सावधगिरी. "फक्त १२ टक्के व्याज" असं कोणी सांगितलं तर फ्लॅट की रिड्यूसिंग हे आधी विचारा. २ लाखांवर १२ टक्के फ्लॅट दराने दोन वर्षांचं व्याज होतं ४८ हजार, आणि हप्ता येतो साधारण १०,३३३ रुपये. पण आपण मुद्दल दर महिन्याला परत करत असतो, तरी व्याज मात्र पूर्ण दोन लाखांवर लागत राहतं. रिड्यूसिंग पद्धतीने काढलं तर हाच दर वर्षाला साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास जातो. एक्सेलमध्ये दोन मिनिटांत करून बघता येईल. तसेच कोर्स मध्येच सोडला तरी कर्ज सुटत नाही, हेही सही करण्यापूर्वी वाचावे.

मान्यता : इथे चूक परवडणार नाही

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग. युनिव्हर्सिटी ग्रँट्स कमिशनने, म्हणजे यूजीसीने, सप्टेंबर २०२० मध्ये दूरशिक्षण आणि ऑनलाइन शिक्षणाचे नियम काढले. मान्यताप्राप्त संस्थेने या नियमांप्रमाणे दिलेली ऑनलाइन पदवी ही नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची धरली जाते, आणि सप्टेंबर २०२२ मध्ये यूजीसीने ते पुन्हा जाहीर केलं. म्हणजे कायद्याने दर्जा आहे. मात्र खाजगी कंपनीने कोणाला घ्यावं हे यूजीसी ठरवत नाही, तो भाग वेगळा.

फॉर्म भरण्यापूर्वी या गोष्टी तपासा –

१. यूजीसीच्या डिस्टन्स एज्युकेशन ब्युरोच्या यादीत विद्यापीठाचं नाव, कोर्सचं नाव आणि आपण प्रवेश घेणार ते सत्र, तिन्ही आहेत का? मान्यता कोर्सप्रमाणे आणि सत्राप्रमाणे असते. गेल्या वर्षी होती म्हणून यंदा आहेच असं धरू नये.

२. पदवी कोण देणार? फोन करणारी कंपनी आणि पदवी देणारं विद्यापीठ वेगळे असू शकतात. दुसऱ्या कंपनीला फ्रँचायझी देऊन कोर्स चालवायला परवानगी नाही, असा इशारा यूजीसी आणि एआयसीटीईने जानेवारी २०२२ मध्ये दिला होता. परदेशी संस्थांशी भागीदारी करून अशा कंपन्यांनी दिलेल्या मान्यता नसलेल्या पदव्यांबद्दलही डिसेंबर २०२३ मध्ये इशारा आला.

३. हातात नेमकं काय पडणार? एमबीएची पदवी, पीजी डिप्लोमा की नुसतं सर्टिफिकेट? जाहिरातीत "एमबीए लेव्हल" असं लिहिलेलं असतं, त्यात पदवी असतेच असं नाही.

४. २०२४ पासून अशा प्रवेशासाठी विद्यार्थ्याला स्वतःचा डीईबी-आयडी काढावा लागतो. तो न मागता कोणी प्रवेश देत असेल तर सावध व्हा.

हे इतकं खोलात का सांगते आहे? कारण यात नुकसान होतं ते विद्यार्थ्याचं. काही अभिमत विद्यापीठांनी परवानगी नसताना दूरशिक्षणाने इंजिनिअरिंगच्या पदव्या दिल्या होत्या. ३ नोव्हेंबर २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने २००१ ते २००५ या काळात प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या स्थगित केल्या आणि त्यांना एआयसीटीईची परीक्षा द्यायला सांगितलं. त्यानंतरच्या प्रवेशांच्या पदव्या तर रद्दच झाल्या. ज्यांनी त्या पदवीवर प्रमोशन घेतलं होतं, त्यांना दहा-बारा वर्षांनंतर हे सोसावं लागलं. आजही नियमाप्रमाणे इंजिनिअरिंगची पदवी ऑनलाइन देता येत नाही. एमबीए देता येतं, पण यादीत असेल तरच.

पैसे भरण्यापूर्वीचे तीन महिने

ज्यांचा निर्णय होत नाही त्यांनी एक करावं. फी भरण्यापूर्वी तीन महिने बिनपैशाची तयारी करावी. ज्या कामात जायचं आहे त्याच्या वीस जाहिराती जमवाव्या आणि त्यात काय मागितलंय ते वहीत लिहावं. वीसपैकी पंधरा ठिकाणी एमबीए मागितलं असेल तर एक अर्थ, पंधरा ठिकाणी अनुभव मागितला असेल तर दुसरा. मग ते काम करणाऱ्या पाच जणांशी बोलावं. आपल्या कॉलेजचे माजी विद्यार्थी यासाठी आहेत. त्यांना "जॉब आहे का?" न विचारता "तुम्ही इथे कसे पोचलात?" असं विचारलं तर लोक भरभरून बोलतात. आणि स्वयम् किंवा एनपीटीईएलवरचा मॅनेजमेंटचा एक कोर्स पूर्ण करावा. शिकायला फी नाही, परीक्षा द्यायची असेल तरच थोडी असते. बारा आठवड्यांचा एक कोर्स जर आपल्याच्याने पूर्ण झाला नाही, तर दोन वर्षांचा कसा होणार?

या तीन महिन्यांत कदाचित असंही लक्षात येईल की आपल्याला क्षेत्र बदलायचंच नव्हतं, फक्त बॉस बदलायचा होता! त्याला एमबीए लागत नाही.

एवढं सगळं करूनही अडचण ज्ञानाची किंवा कागदाची आहे असं दिसलं, विद्यापीठ यादीत असलं आणि आठवड्याचे बारा तास खरोखर निघत असले, तर ऑनलाइन एमबीए जरूर करावं आणि कोणी "ऑनलाइन का?" म्हणून नाक मुरडलं तर लक्ष देऊ नये. अडचण माणसांची किंवा अनुभवाची असेल, तर आधी ती माणसं गाठावी, ते काम करून बघावं.

पुढच्या महिन्यात फायनल इयरचे इंटरव्ह्यू सुरू होतील आणि त्याबरोबर कोर्सवाल्यांचे फोनही. फोन आला तर त्यांना यादीतलं नाव, सत्र आणि व्याजाचा प्रकार एवढं विचारा. उत्तर लेखी मागा.